आक्षेप क्रमांक सात

लेखापरीक्षकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलंय:
धनुबाई वैती, मजुरी रुपये चारशे,
पावतीवर अंगठा. अंगठ्याला साक्षीदार नाही.
खुलासा करावा.

करते.
साक्षीदार होते, साहेब.
भांडुपची खाडी, ओहोटी पहाटे पाच चाळीसची,
मांडीपर्यंत चिखल,
आणि माझी विद्यार्थिनी सुलक्षणा,
जिचा डावा बूट अजून तिथंच आहे.
बुटाची नोंद साठा-नोंदवहीत नाही. तो तिचा स्वतःचा होता.
शिवाय सत्तावीस निवट्या,
टाळूवर बसवल्यासारखे डोळे,
सगळं बघत होत्या.
त्यांची सही कशी घ्यावी
ते परिपत्रकात सापडलं नाही.

निवटीच्या कल्ल्यात शिसं किती साठतं,
एवढाच माझा प्रश्न.
तीन वर्षं, अठरा लाख चाळीस हजार, दिल्लीहून.
पहिला हप्ता आला तेव्हा
मार्च संपायला एकोणीस दिवस होते.
खर्च झाला नाही म्हणून विचारणा झाली.
झाला असता
तर इतका घाईनं का, अशी झाली असती.

नीतिसमितीत चाळीस मिनिटं गेली
पाण्याबाहेर चालणारा मासा
कोणत्या रकान्यात घालायचा, यावर.
चहा दोनदा आला.
शेवटी ‘इतर’.

चिखल खरवडायचा कालथा
क्रॉफर्ड मार्केटात नव्वद रुपयांना मिळतो.
तिथून घ्यायचा तर आधी
तो पोर्टलवर मिळत नसल्याचा दाखला लागतो.
दाखला सहा आठवड्यांनी निघाला.
तोवर मी घरचा नेला होता,
आणि आई अजून
कामवालीकडे संशयानं बघते.

हिशेब विभागातले पेडामकर
वाईट माणूस नाहीत, हेही नोंदवावं.
ते म्हणाले, मॅडम, प्रत्येक नियमाखाली
कुणाचा तरी पराक्रम पुरलेला असतो.
एका सरांनी प्रकल्पाचा फ्रीज
मुलीच्या लग्नात दिला होता,
चौऱ्याण्णव साली.
तेव्हापासून फ्रीजचा फोटो लागतो दर सहा महिन्यांनी,
शेजारी त्या दिवशीचा पेपर धरून.
मी धरते पेपर.
कधीकधी त्या मुलीचा विचार येतो.
फ्रीज चालत असेल का अजून?

बँकेनं एकसष्ट रुपये व्याज दिलं.
ते दिल्लीचे. दिल्लीला परत करण्यात
मी आणि पेडामकर, आमचे अडीच दिवस गेले.
त्या अडीच दिवसांचा दोघांचा पगार
मी एका पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिला,
आणि पाकीट फाडलं.
असल्या खर्चाला लेखाशीर्ष नाही.

सुलक्षणा आता पवईला,
एका औषध कंपनीत.
काम काय, विचारलं तर हसली.
अनुपालन, मॅडम.
फॉर्म भरायची सवय तुमच्याकडेच लागली.
पगार माझ्याहून थोडा जास्त आहे.
तिचा अर्धा प्रबंध
माझ्या कपाटात, तिसऱ्या खणात,
फ्रीजच्या फोटोंखाली.

आणि शिसं?
आहे.
किती, ते सांगता येणार नाही.
नमुने दोनशे हवे होते, सत्तावीस मिळाले,
बाकीच्या ओहोट्या
मी उपयोगिता प्रमाणपत्रात घालवल्या.

परवा अंगठा पुन्हा घ्यायला गेले
तेव्हा धनुबाई टोपली निवडत होती.
म्हणाली, बाय, ते मोजलंव ना तुमी,
मंग सांगा, खावाचं का नाय?
नातीला लय आवडतान.

मी अहवालाच्या भाषेत काहीतरी बोलले.
ती ऐकून घेत राहिली,
आणि मग एकेक निवटी
टोपलीत परत टाकू लागली.

तरी आक्षेप क्रमांक सातचा खुलासा
सोबत जोडला आहे.
अंगठा, दुसऱ्यांदा घेतलेला.
साक्षीदार, मी स्वतः.
ठशाच्या रेघांत शाईखेरीज जे दिसतं
तो चिखल आहे, खाडाखोड नव्हे.
तपासून घ्यावा, जमल्यास
प्रयोगशाळेत.
तीन प्रतींत सादर.